पेकानच्या झाडाला टांगलेला पाय

नुत्रिया ओढा, पाराना नदीतली बेटं
६ ऑक्टोबर १९९१

ती. ओतिलियाताईस,

लिंदाचा नमस्कार, आणि कुत्र्याचाही. तो टेबलाच्या पायाला पाठ घासतोय म्हणून अक्षर हलतंय, मी म्हातारी झाले म्हणून नाही.

तुझं ईस्टरचं कार्ड पोचलं. ऑक्टोबरात पोचलं, पण पोचलं. आमच्या टपालाच्या लाँचवाल्याला सगळी पत्रं कांद्याच्या पोत्याखाली ठेवायची सवय आहे, म्हणतो वारा उडवत नाही. कार्डावरच्या कोकराला कांद्याचा वास येतो. मी ते चुलीच्या वर लावलंय.

ताई, पन्नास वर्षांत तू मला बोटीबद्दल एकदाही विचारलं नाहीस. मीही सांगितलं नाही. आपलं हाचल गाव सोडून मी पाण्यातल्या माणसाशी लग्न केलं ते तुला रुचलं नाही, मला ठाऊक आहे. आता ओरेस्तेसला जाऊनही नऊ वर्षं झाली. तर आज सांगते, कारण गोष्ट माझ्या घरावरच आलीय.

बोटीचं इंजिन असतं तिच्या पोटात आणि पंखा असतो बाहेर पाण्यात. या दोघांच्या मधे बोटीच्या पाठीला जे धूड लटकतं, जे वळवायचं, उचलायचं, खाली सोडायचं, त्याला आम्ही बेटावरचे सगळे पाय म्हणतो. त्याला दुसरं नाव असेल, पण ते ज्या पुस्तकात होतं ते उंदरांनी खाल्लं. पाय जिथे बोटीला जोडतो तिथे पाणी आत जाऊ नये म्हणून घड्याघड्यांचं रबर चढवतात. ते रबर म्हणजे मोजा. तेव्हा यापुढे मी पाय लिहिलं की बोटीचा पाय समज आणि मोजा लिहिलं की रबराचा मोजा समज. माझे स्वतःचे दोन्ही पाय उत्तम आहेत, परवाच मी संत्र्याच्या झाडावर चढले होते, शिडी बासिलिओने नेली होती म्हणून. एवढं ध्यानात ठेवलंस की पुढचं सगळं

पान २

अगदी सोपं आहे. तर, पाय बिघडलाय. मोजा कधी फाटला मला कळलंच नाही. मग आत पाणी शिरलं आणि दुधासारखं पांढरं गळायला लागलं. वळताना गुरगुरतो. बासिलिओने वाकून बघितलं आणि टोपी काढली. तो टोपी फक्त मयताला काढतो. इंजिनाची काळजी नाही ताई, इंजिन ठणठणीत आहे, पण इंजिन आणि पाय एका रेषेत राहिले नाहीत, एक उगवतीकडे बघतो नि दुसरा मावळतीकडे. असंच रेटत राहिले तर पाय पुरता जाईल. बासिलिओ म्हणतो काढूनच बघावा लागेल. मी म्हटलं काढ, त्यात काय एवढं.

आता खरी गोष्ट. निकानोर आला होता. सरळ बोलला, माझा हात हातात धरून बोलला, म्हणून मला जास्त भीती वाटली. म्हणाला, "आई, १५ डिसेंबरला तुला पंचाहत्तर पुरी होतात. त्या दिवशी तू एकटीने, कुणाच्या मदतीशिवाय, तिग्रेच्या धक्क्यावर येऊन दाखव. आलीस तर जन्मात तुला बेट सोड म्हणणार नाही. नाही आलीस तर माझ्याकडे राहायचं." त्याच्याकडे म्हणजे पाचव्या मजल्यावर. तिथे खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची खिडकी, आणि तिच्यात एक माणूस बनियनवर बसून दात कोरत असतो. मी तिथे आठवडाभरही जगायची नाही.

म्हणजे सगळं आता पायावर आहे. तू कशी आहेस? मर्कटासारखी उडी मारणारी तुझी ती शेळी अजून आहे का?

तुझी,
लिंदा


हाचल
२१ ऑक्टोबर १९९१

प्रिय लिंदे,

तुझं पत्र आलं, ओलंचिंब आणि कांद्याच्या वासाचं. पहिल्या पानाचा निळा लगदा झाला होता, त्यात फक्त "कोकरा" एवढं वाचता आलं. दुसरं पान शाबूत होतं. वाचलं. बसले. पुन्हा वाचलं.

बाई बाई बाई! पायातून दूध गळतंय आणि तू मला शेळीची खुशाली विचारतेस!

इंजिन म्हणजे काळीज हे माझ्या लक्षात आलं. ती तुझ्या ओरेस्तेसची भाषा. लग्नात आमच्या आईला म्हणाला होता, "सासूबाईंचं इंजिन अजून दमदार आहे." आई मरेपर्यंत ते विसरली नाही. काळीज ठणठणीत आहे म्हणतेस, देवाची कृपा. पण हा बासिलिओ कोण? डॉक्टर आहे का? असला तर टोपी काढून काय उभा राहतो, औषध दे म्हणावं! आणि पाय काढायला "त्यात काय एवढं"? लिंदे, तू लहानपणी विहिरीत पडलीस तेव्हाही असंच म्हणाली होतीस.

मोजा फाटला आणि तुला कळलं नाही, हे मात्र मला अगदी पटलं. ओल्या मोज्यात बसायची तुझी जन्माची खोड. मी आजच लोकर काढलीय.

निकानोरची अट मला क्रूर वाटते. या अवस्थेत तुला एकटीला धक्क्यावर ये म्हणतो! औषधाच्या दुकानात उभं राहून राहून त्याचं मन कडू झालंय.

एक कबूल करते. पन्नास वर्षं मी तुझी नीट विचारपूस केली नाही. तू गेलीस त्या दिवशी मी दारात आले नाही, कणीक मळत बसले. ती कणीक इतकी मळली की भाकरी दगड झाली. आता सगळं लिही. पायाबद्दल काही म्हणजे काही लपवू नकोस.

तुझी,
ओतिलिया

(शेळी आहे. वेड्यासारखी उड्या मारते.)


नुत्रिया ओढा
२ नोव्हेंबर १९९१

ती. ओतिलियाताईस,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, एकदा बासिलिओला वाचून दाखवलं आणि एकदा कुत्र्याला. ताई, तू पायाची चौकशी केलीस! ओरेस्तेस असता तर ओढ्याकाठी नाचला असता. तो नेहमी म्हणायचा, तुझी बहीण एक दिवस विचारील बघ. मी म्हणायचे, माझी बहीण दगड आहे. चुकले. पहिलं पान भिजलं त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस, त्यात काही विशेष नव्हतं, तू सगळं बरोबर समजलीस.

काळीज म्हणालीस ना, ते किती छान म्हणालीस! इंजिन म्हणजे काळीजच. मी बासिलिओला सांगितलं, तो आता तसंच म्हणतो.

तो डॉक्टर नाही. आधी मधमाश्या पाळायचा. पण या ओढ्यावरचे चाळीसेक पाय त्याच्या हाताखालून गेलेत आणि एखाददुसराच वाया गेला.

तर, गुरुवारी पाय काढला. सहा नट, दोन तास, त्यातला एक तास येर्बाचा कडू चहा पिण्यात. सुटला तसा धप्पकन गवतात पडला. कुत्रा आला, हुंगलं, आणि त्याच्यावर काय केलं ते मी लिहीत नाही, तू चर्चला जाणारी. मग आम्ही दोघांनी तो उचलला आणि पेकानच्या झाडाला टांगला, निथळायला. खाली तवली ठेवलीय. येणारी जाणारी लाँच त्याच्याकडे बघून भोंगा वाजवते. शाळेच्या बाई लाँचमधून ओरडतात, "लिंदाआजी, पाय कसा आहे?" मी ओरडते, "टांगलेला!" सगळी पोरं हसतात. अशी मजा आमच्याकडे पुरानंतर झाली नव्हती.

आता रेषेचं. बासिलिओकडे एक सळई आहे, हातभर लांब, टोकाला दाते. पाय होता त्या जागी जे भोक उरतं त्यातून ती आत सरकवायची, पार इंजिनापर्यंत, म्हणजे काळजापर्यंत. दोन बोटांनी, जोर न लावता गेली पाहिजे, लोण्यात सुरी जाते तशी. गेली तर रेष जुळली. आमची अडली. पुन्हा घातली, पुन्हा अडली. बासिलिओ हातोडा शोधायला निघाला. मी म्हटलं, "हातोडा आणलास तर तुला ओढ्यात ढकलीन." त्याला पोहता येत नाही. चाळीस वर्षं पाण्यावर काढली माणसाने!

आणि ऐक, रोसाउरा आली होती, पुंचोची विधवा. तिने पुंचोचा पाय देऊ केलाय. तो गेल्यापासून कोंबड्यांच्या खुराड्यात पडून आहे, कोंबड्या त्याच्यावर अंडी घालतात. म्हणाली, "ने ग लिंदा, मला तरी त्याचा काय उपयोग, दिसला की रडू येतं." माझ्यापेक्षा जरा आखूड आहे. पण बासिलिओ म्हणतो, ठोकून बसवता येईल. माझा सुधारला नाही तर तोच लावावा म्हणते.

अजून दीड महिना आहे. मी घाबरलेली नाही. सकाळी उठल्यावर थोडी असते, दूध तापेपर्यंत.

तुझी,
लिंदा


हाचल
१४ नोव्हेंबर १९९१

प्रिय लिंदे,

तुझं पत्र पाद्रीबाबांना वाचून दाखवायला घेतलं आणि कुत्र्यापाशी थांबले.

मेलेल्या माणसाचा पाय लावून घेऊ नकोस! हे आधी लिहिते, म्हणजे पत्र पुन्हा भिजलं तरी एवढं तरी पोचेल. लिंदे, शेवटच्या दिवशी सगळे मेलेले उठणार. पुंचो उठेल, उभा राहायला जाईल आणि पडेल. मग तुझ्याकडे येईल. त्याला काय सांगशील? त्यातून तो आखूड! जन्मभर उतारावर चालल्यासारखी चालशील.

दुसरं विचारते, राग मानू नकोस. काढलेला पाय झाडाला का टांगलाय? तुमच्या बेटांवर पुरत नाहीत का? आमच्याकडे आजोबांची अक्कलदाढसुद्धा रीतसर पुरली होती. शाळेच्या बाई पोरांना ते दाखवतात याचं मला आश्चर्य वाटतं.

आणि ती सळई! वाचताना मी माझ्याच मांडीला हात लावून बघत होते. दुखत नाही का तुला? की तू मला सांगत नाहीस? तू लिहितेस की मजा आली. लिंदे, तू हसलीस की मला जास्त भीती वाटते. आई गेली तेव्हा तू अशीच हसत होतीस.

सोबत पार्सल आहे. बिहीच्या पाकाची वडी, कडेने खा, मधे अजून ओली आहे. आणि मोजा. एकच विणलाय. जोडी पाठवणं बरं दिसलं नसतं.

रविवारी पाद्रीबाबांनी सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं, "आमच्या भगिनी एर्मेलिंदाच्या पायासाठी." साठ माणसांनी मान खाली घातली. तांबटाकडून पत्र्याचा करंगळीएवढा पाय करून घेतला आणि संताच्या गळ्यात अडकवलाय. तांबटाने विचारलं, डावा की उजवा? मला सांगता येईना. मी म्हटलं, मधला कर.

निकानोरला मी लिहिलंय की पायाचा आता काही भरवसा नाही, जे होईल त्याला तोंड देऊ, आणि दुकानातून एक चाकांची खुर्ची आणून ठेव. मी स्वतः १५ तारखेला तिग्रेला येतेय. होय, मी. एकोणीस तास बसने. मरायच्या आधी एकदा पाणी बघते.

तुझी,
ओतिलिया


नुत्रिया ओढा
२७ नोव्हेंबर १९९१

ती. ओतिलियाताईस,

तू येतेस! मी हे वाक्य पहिलं लिहिलं म्हणजे मनातून खाली उतरेल, नाहीतर दुसरं काही सुचत नाही. तू येतेस!

तुझ्या प्रश्नांची उत्तरं देते. पाय आम्ही पुरत नाही, मातीत गंजतो. जुना झाला की खुराड्यात ठेवतो, नाहीतर रंग देऊन त्यावर फुलांची कुंडी ठेवतो, रोसाउराच्या सासूकडे तसे दोन आहेत. दुखण्याचं म्हणशील तर मला काय दुखणार ग, दुखलं तर बासिलिओची कंबर दुखली. आणि पुंचो परत आला तर खुशाल घेऊन जावा, मी त्याचा पाय लावला नाही. माझाच सुधारला! पण ते शेवटी सांगते, आधी मोजा.

एकच मोजा! ताई, केवढा बारीक विचार! एका पायाला दोन मोजे घेऊन काय करायचे असतात! दुसरं कुणी असतं तर जोडी पाठवून मोकळं झालं असतं. मोजा फाटला म्हणून नवा रबराचा तर चढवलाच, पण तुझा लोकरीचा मी पायातून बाहेर निघालेल्या दांड्यावर घातला, नव्या तेलाला धूळ लागू नये म्हणून. इतका बेताचा बसला की बासिलिओने पुन्हा टोपी काढली. आणि साठ माणसांची प्रार्थना! आमच्या इथला पाद्रीबाबा वर्षातून एकदा बोटींवर पाणी शिंपडतो, तेही बोटीत बसून बसून त्याला मळमळत असतं म्हणून घाईघाईने.

एका गोष्टीने जरा लागलं. निकानोर मागच्या रविवारी आला आणि टेप काढून माझ्या पलंगाचं माप घ्यायला लागला. मी म्हटलं, "हे काय रे?" म्हणाला, "मावशीचं पत्र आलंय. तिने लिहिलंय पायाचा भरवसा नाही. ती काही उगीच लिहिणारी नाही. तुझ्यासाठी खोली रिकामी करतोय." आणि पलंग मोजता मोजता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे त्यालाही ते नकोच आहे. ताई, हाचलला बसून तुला कसं कळलं भरवसा नाही ते? पण तू काळजीने लिहिलंस. आणि चाकांची खुर्ची तुला लागते हे तू मला कधी कळवलं नाहीस. तुझ्या पायांना काय झालं? मला सांगतेस लपवू नकोस आणि स्वतः!

आता रेषेची गोष्ट. ऐक आणि हस. तीन आठवडे सळई जाईना. इंजिनाच्या पुढच्या बाजूचे नट आम्ही अर्धा फेरा वर घेतले, जाईना. अर्धा खाली, जाईना. पाव वर. सळईला ग्रीस लावून बघितलं, ग्रीसवर ओरखडे उमटतात त्यावरून कळतं कुठे घासतं ते, तर रोज वरच घासायचं. म्हणजे इंजिन खाली बसलेलं. उचलावं तर पुन्हा खाली. बासिलिओ म्हणाला, "लिंदा, याच्यात भूत आहे." मी मधल्या मधे रडलेही एकदा, खोटं कशाला बोलू, तिथे बोटीत बसून, हातात सळई. पाचव्या मजल्यावरचा तो बनियनवाला डोळ्यांसमोर आला.

तेवढ्यात बासिलिओ लघवीला उठला. आणि सळई गेली! दोन बोटांनी! सुळ्ळकन! मी ओरडले. तो पळत आला, येऊन पुन्हा बसला, आणि सळई अडकली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ताई, तो तीन आठवडे माझ्या इंजिनावर बसला होता! चहाचं भांडं मांडीवर घेऊन, ऐसपैस, शंभर किलो! तिथे गरम लागतं म्हणे. त्याच्या वजनाने ते दबायचं, आम्ही नट फिरवायचो, आणि भूत त्याच्या बुडाखाली होतं. मी म्हटलं, "ऊठ रे रेड्या माझ्या काळजावरून!" दहा मिनिटांत रेष जुळली.

पाय परवा लावणार. १५ ला सकाळी निघेन. तू धक्क्यावर उभी राहा, म्हणजे बस, तुझ्या खुर्चीत. मला लांबून दिसशील असं काहीतरी काळं घाल.

तुझी आनंदी,
लिंदा


तार
हाचल, ६ डिसेंबर १९९१

येते आहे. परवा लावू नकोस, मी येईपर्यंत थांब. त्या माणसाला छातीवर बसू देऊ नकोस. दुसरा पाय जप. ओतिलिया


स्वयंपाकघर, नुत्रिया ओढा
१७ डिसेंबर १९९१

ओतिलियाताई, मुक्काम व्हरांडा, हिला, हस्ते बासिलिओ,

ताई, तू दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीस. मी विचारलं अंडं कसं हवं, तर तू बासिलिओला म्हणालीस, "तिला सांग, उकडलेलं." मी तुझ्यापासून आठ पावलांवर होते. म्हणून लिहिते. लिहिलेलं तू वाचतेस हे मला ठाऊक आहे.

पहिलं पान पुन्हा लिहून सोबत ठेवलंय. कोरडं आहे. ते आधी वाच, मग हे वाच.

वाचलंस? चूक माझी. मीच लिहिलं होतं की त्या पानात विशेष काही नाही. आणि तुझी तार मी बासिलिओला दाखवली तेव्हा तो म्हणाला, "छातीवर? मी?" आणि लाजला. आम्ही दोघांनी ठरवलं की तारेत अक्षरं चुकली. मी इतकी खुशीत होते ताई, की काही खटकलंच नाही. पन्नास वर्षांनी कुणीतरी माझ्या पायाबद्दल इतक्या मायेने विचारत होतं.

आता तो दिवस माझ्या बाजूने सांगते, कारण तू फक्त शेवटचं बघितलंस.

सात वाजता निघाले. कुत्रा बरोबर होता, तो मोजायचा नसतो. ओढ्यात पाण्यावर एक सुरकुती नव्हती. पाय खाली सोडला, काळीज सुरू केलं, आणि हात लाकडावर ठेवला. ओरेस्तेसने शिकवलंय, रेष जुळली आहे की नाही ते कानाने नाही, तळहाताने कळतं. हात थरथरला नाही. मोठ्या नदीत आले तर वाळूचं एक गलबत माझ्यावरून जाईल असं आडवं आलं, त्याच्या लाटांवर मी पंधरा मिनिटं अंड्यासारखी उकळत होते. पाय टिकला. मी मोठ्याने गाणं म्हणत होते. घाबरले की म्हणते.

मग धक्का दिसला. निकानोर दिसला, त्याच्या खांद्याला टेप. आणि काळ्या कपड्यात छत्री घेतलेली तू, आणि रिकामी खुर्ची, तिच्यावर घडी घातलेली गोधडी. माझ्या मनात आलं, खुर्ची रिकामी का, ताई उभी कशी? मग वाटलं, मला बघायला उठली असेल. मी दोर फेकला आणि उडी मारली. दोन्ही पायांवर.

तू माझ्या पायांकडे बघितलंस, पांढरी पडलीस आणि ओरडलीस, "पुंचोचा! नाही नाही म्हणत लावलासच शेवटी!" आणि मागे सरलीस, आणि त्या धक्क्याची एक फळी चार वर्षं सुटलेली आहे.

त्याबद्दल मी दिवसातून दहादा माफी मागते, पण फळी मी काढली नव्हती.

निकानोरने तुला उचलून खुर्चीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले घोटा मोडलाय, सहा आठवडे जमिनीला टेकायचा नाही. निकानोर म्हणाला माझ्याकडे चला. मग त्याला आठवलं की त्याच्या इमारतीची लिफ्ट मंगळवारपासून बंद आहे. पाचवा मजला, ताई, चाकांची खुर्ची, आणि तू. तो जिन्याकडे बघतच राहिला. मग माझ्या बोटीकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, "आई, तू आलीस. एकटी आलीस. पलंग तिथेच राहू दे." आणि टेप खिशात घातली. माझं घर राहिलं ताई. ते मला तिथेच तुला मिठी मारून सांगायचं होतं, पण तू छत्री उगारून बसली होतीस.

तुला फसवलं असं तुला वाटतंय. गावातली साठ माणसं, तांबट, पाद्रीबाबा, सगळ्यांना आता काय सांगू म्हणून रडलीस, मी ऐकलं. सांग की पाय बरा झाला. खोटं कुठे आहे?

उत्तर दे. दुपारी भोपळ्याची भाजी आहे.

लिंदा


व्हरांडा
१७ डिसेंबर १९९१, जेवणाआधी

लिंदे,

पहिलं पान वाचलं. दोनदा. संत्र्याच्या झाडावर चढायचं तुझं वय आहे का?

ते पान कोरडं पोचलं असतं तर मी "बरं" एवढं लिहून पत्र डब्यात टाकलं असतं आणि हाचलहून हलले नसते. तेव्हा तुमच्या कांदेवाल्या टपाल्याला मी काही बोलणार नाही. तू पण बोलू नकोस. पत्रं तिथेच ठेवत जा म्हणावं.

संताच्या गळ्यातला पाय काढायचा नाही. त्याने कुणाचा बरा करायचा आणि कुणाचा मोडायचा ते त्याचं तो बघेल. मी मधला सांगितला होता, चूक माझीच.

परवा तू मला घेऊन आलीस तेव्हा मी डोळे मिटून बसले होते. तुला वाटलं भीतीने. थोडं भीतीने. पण डोळे मिटले की नीट ऐकू येतं. काल तू रोसाउराकडे गेलीस आणि आलीस, तेव्हाही ऐकलं. उजवीकडे वळताना पाय गप्प असतो. डावीकडे वळताना अजून गुरगुरतो, पोट बिघडलेल्या मांजरासारखा. तुला आता सवयीने ऐकू येत नाही. दुरुस्त करून घे. दुपारीच करून घे, मी बघणार आहे, माझी खुर्ची झाडाखाली आणून ठेव. ती सळई मला हातात धरून बघायची आहे. आणि बासिलिओला आधी इंजिनावरून उठव, इथून दिसतोय मला, आत्ता बसलाच आहे.

एक काम कर. दांड्यावर घातला होतास तो मोजा मला आणून दे. तेलकट असला तरी चालेल. डाव्या पायाला प्लास्टर आहे, आणि उजव्याला तुमचे डास फोडून खातात.

एकच पुरे.

ओतिलिया